कपाळावरचे मार्क

...आणि मग तो ड्रायव्हर, म्हणजे आपल्या कपाळताईचा नवरा, कपाळाला ती पट्टी तशीच चिकटलेली, पट्टीची वायर कानामागून शर्टाच्या खिशात गेलेली, अशा थाटात बस घेऊन निघाला. काल आपली गोष्ट इथंच तर थांबली होती. बरं, तर पहिल्याच थांब्यावर एक आजीबाई चढायला आल्या. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर, तशाच थबकल्या. म्हणाल्या, "काय रे बाबा, तुला चार्जिंगला लावलंय का?"

ह्याला कपाळावरच्या पट्टीचा पत्ताच नाही. त्याला वाटलं, आजी आपल्या झोपेनं सुजलेल्या डोळ्यांची थट्टा करताहेत. म्हणाला, "झालं चार्जिंग आजी, फुल आहे. चढा!"

आजी चढल्या खऱ्या, पण थेट मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशी बसमध्ये जी शांतता पसरली, ती एखाद्या वाचनालयातही सापडायची नाही. सुट्ट्या पैशांवरून कुणी भांडलं नाही. कुणी दोनदा घंटी ओढली नाही. जो तो मनात म्हणत होता, ड्रायव्हरला कंपनीनं काहीतरी बसवलंय, आपण मध्ये बोललो आणि भडका उडाला तर? गाडी कधी नव्हे ती वेळेवर डेपोत पोचली. साहेबांनी पट्टी पाहिली आणि विचारलं, "हा हुकूम कधी निघाला? मला कसा कळला नाही?" दुपारपर्यंत दोन ड्रायव्हर भांडायला आले की त्यालाच का, आम्हालाही पट्टी पाहिजे.

दोष त्या बिचाऱ्याचा नव्हता. कपाळ त्याचं असलं, तरी त्यावर सत्ता बायकोची. त्याचं असं आहे, कपाळताई काम करते मेंदूच्या ऑपरेशनच्या खोलीत. मोठे डॉक्टर कवटी उघडून आत काम करत असतात, तेव्हा रोग्याच्या मेंदूला प्राणवायू नीट पोचतोय ना, यावर डोळा ठेवायचा, हे हिचं काम. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यासाठी सुई खुपसत असतील, भोक पाडत असतील. छे हो! कपाळावर दोन पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, बस्स. लहानपणी अंधारात बॅटरीवर तळहात धरला की बोटं लालभडक दिसायची, तसलाच प्रकार. पट्टीतला उजेड कातडी आणि हाड ओलांडून आत जातो आणि थोडासा परत येतो. प्राणवायूनं भरलेलं रक्त एका तऱ्हेचा उजेड गिळतं, रिकामं झालेलं रक्त दुसऱ्या. किती गिळला, किती परत आला, याचा हिशेब करून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. टोचणं नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि रोग्याला पत्ता नाही.

पण पट्टी लावणं म्हणजे पाकिटाला तिकीट चिकटवणं नव्हे. खाली केस नको, तेल नको, घाम नको. कड जराशी उचलली गेली की खोलीतला उजेड आत शिरतो आणि यंत्र बरळायला लागतं. म्हणून नोकरीच्या सुरुवातीला ती मुदत संपलेल्या पट्ट्या घरी आणायची आणि झोपलेल्या नवऱ्यावर हात बसवायची. त्यातलीच एक काढायची राहिली, आणि पुढं बसचं ते रामायण घडलं.

या कामापायी तिला एक खोड जडली. माणूस समोर आला की ती आधी कपाळ बघते. नाक, डोळे, नाव, गाव सगळं नंतर. लग्नाआधी या ड्रायव्हरला भेटून घरी आली, तेव्हा आईनं अधीर होऊन विचारलं, "कसा वाटला?" ही म्हणाली, "जागा भरपूर आहे." आईनं घर मोठं असल्याचं गृहीत धरलं आणि होकार कळवून टाकला. शेजारच्या काकू तर एकदा कपाळच पुढं करून बसल्या. "माझ्या कपाळी काय लिहिलंय तेवढं बघ गं."

"काकू, मला फक्त प्राणवायू दिसतो."

"मग त्यात परदेशी जायचा योग आहे का बघ."

तर अशी ही कपाळताई. हसतमुख, जरा वेंधळी, पण पडद्यावरच्या आकड्यावरून नजर म्हणून हलायची नाही. आणि अशी पोर एकदा नको तिथं यंत्र घेऊन गेली आणि स्वतःच्या बापाला जवळजवळ घालवून बसली. ऐका आता.

तिच्या वडिलांचं सलून. त्यांचा एकच अभिमान, गावातलं असं एकही डोकं नाही जे आपल्या हाताखाली वाकलेलं नाही. एक अपवाद होता, त्यांचा मेहुणा, म्हणजे कपाळताईचा मामा. हा मामा वीज कंपनीत मीटर वाचायला होता. निवृत्त झाला, पण वाचायचं सुटलं नाही. कुठंही आकडा दिसला की मोठ्यानं वाचणार. दुकानात गेला की तराजू वाचणार, डॉक्टरकडं गेला की दुसऱ्याचा ताप वाचणार. केस मात्र मुद्दाम पलीकडच्या गल्लीतल्या सलूनमध्ये कापून यायचा आणि मेहुण्याच्या दारात उभा राहून विचारायचा, "कशी झालीये कटिंग?" दोघांचं बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आता मारामारी होणार. तीस वर्षांत ती काही झाली नव्हती.

तर या बाबांच्या हातून कात्री निसटायला लागली. आधी आठवड्यातून कधीतरी, मग रोज. उजवा हात ऐकेनासाच झाला. एका गिऱ्हाइकाच्या मिशीला आकार देता देता अर्धी मिशी साफ उडाली. तो माणूस मोठा समजूतदार. आरशात बघून म्हणाला, "उरलेलीही काढून टाका, नाहीतर बायको अर्ध्यालाच घरात घ्यायची." हसून वेळ निभावली, पण त्या दिवशी बाबांनी दुपारीच शटर ओढलं आणि खुर्चीत बसून स्वतःच्या बोटांकडं बघत राहिले.

तपासण्या झाल्या. डोक्यात वरच्या अंगाला, डावीकडे, लिंबाएवढी गाठ निघाली. साधी गाठ, वाईट जातीची नव्हे. पण चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यासारखी हातपाय पसरून बसलेली. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता काढली तर हात परत येईल. राहू दिली तर आज बोटं, उद्या मनगट, मग सगळा हात." म्हणजे ऑपरेशन केलं तर सलून, नाही केलं तर कुलूप. इतका साधा मामला.

बाबा भरती झाले. वॉर्डात खाटेवर बसले खरे, पण नजर सारखी दाराकडं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी कपाळताई भेटायला गेली, तर म्हणाले, "पोरी, ते डोक्यात नळ्याबिळ्या घालून बघतात म्हणे, आत काय चाललंय ते?"

"नाही हो बाबा! थांबा, दाखवतेच तुम्हाला."

आणि धावत जाऊन यंत्र ढकलत घेऊन आली. हेतू चांगलाच होता. बापाची भीती जावी. तिनं बाबांचं कपाळ पुसलं, पट्ट्या लावल्या, यंत्र सुरू केलं. "बघा, दुखलं काही?"

"दुखलं नाही. पण आकडा किती आला?"

"बासष्ट. अगदी छान."

इथवर सगळं ठीक होतं. पण खाटेच्या पायथ्याशी मामा उभा, आणि समोर आकडा! त्याला कुठला धीर धरवतोय? "बासष्ट!" त्यानं वॉर्डभर ऐकू जाईल असं वाचलं. "मला लाव गं. माझा बघू."

इथं तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण मामा पडला लाडका. लावल्या नव्या पट्ट्या. आकडा आला चौऱ्याहत्तर.

"चौऱ्याहत्तर!" मामानं खाटांच्या दोन्ही रांगांना सांगितलं. "फर्स्ट क्लास!"

शेजारच्या खाटेवर एक पेंटर पाय बांधून पडला होता. त्यानंही कपाळ पुढं केलं, त्याला एकोणसत्तर. मग बाबाच चिडून म्हणाले, "हिला लाव, तुझ्या आईला. हिचा बघू." त्यांना वाटलं, निदान घरात तरी आपण वरचढ निघू. आईला आले एकाहत्तर.

आईनं पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगत होते. कुणी ऐकलंच नाही."

झालं! बाबा उठले. इस्पितळाचे कपडे उतरवून आपली पॅन्ट चढवली आणि डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला लागले, कारण उजव्यानं लागत नव्हती. "चला घरी."

"बाबा! अहो, उद्या ऑपरेशन आहे."

"ज्या डोक्यात माल कमी, ते दहा माणसांसमोर उघडून दाखवायची मला हौस नाही."

"अहो, हा मेंदू किती आहे त्याचा आकडा नाही. प्रत्येकाचा वेगळा असतो. कातडी वेगळी, हाड वेगळं, कुणाचं हाड जाड..."

"ऐकलंत?" बाबा सगळ्या वॉर्डाला म्हणाले. "पोटची पोर बापाला जाड डोक्याचा म्हणतेय."

पेंटर मध्यस्थीला आला. "जाऊ द्या हो काका, बासष्ट म्हणजे पास आहे."

"तुम्ही एकोणसत्तरवाले, तुम्हाला बोलायला काय जातंय!"

कपाळताईनं बाबांची बटणांशी झटापट करणारी बोटं पाहिली. हा हट्टी माणूस आज या दारातून गेला की परत यायचा नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि हे सगळं कुणामुळं, तर आपल्यामुळं. ती धावत गेली आणि मोठ्या डॉक्टरांनाच घेऊन आली. वाटेत त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर दिलदार माणूस. म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना? मलाच लाव पट्ट्या. माझाही कमीजास्त येईल, काकांना पटेल की याचा अकलेशी काही संबंध नाही."

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. सगळा वॉर्ड उशांवरून माना उंचावून बघायला लागला. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन मध्येच उभ्या. आकडा आला.

मामानं वाचला. "अठ्ठावन्न!"

सिस्टरनी ट्रे तोंडापुढं धरला, आणि ट्रेमागून गोळ्या हलल्याचा आवाज यायला लागला.

बाबांचा चेहरा उजळला. "अठ्ठावन्न? माझ्यापेक्षा चारनं कमी?"

"बघा काका," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "मी एवढी ऑपरेशनं करतो, आणि माझा आकडा तुमच्यापेक्षाही कमी. आता पटलं?"

"पटलं ना," बाबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "आता तर मुळीच नको. बासष्टवाल्याचं डोकं अठ्ठावन्नवाल्याच्या हातात देऊ? माझ्या सलूनमध्येही मी माझ्यापेक्षा कच्च्या पोराच्या हातात वस्तरा देत नाही."

"काका, हे मार्क नाहीत हो!"

"कमी पडले की सगळे असंच म्हणतात, डॉक्टर."

डॉक्टरांनी कपाळताईकडं अशा नजरेनं पाहिलं की 'हे घरगुती आहे, तूच निस्तर', आणि कपाळ चोळत निघून गेले. जाता जाता त्यांनी सिस्टरला हळूच विचारलं म्हणे, "साधारण किती येतो गं लोकांचा?"

इकडं मामा काही पट्ट्या काढू देईना. डॉक्टरांना हरवल्यापासून त्याच्या अंगात आलं होतं. "मला परत जोड. ऐंशी करून दाखवतो. प्राणवायूच पाहिजे ना? मग भरपूर ओढू की!" त्यानं खुर्ची ओढली, छाती फुगवली, आणि लोहाराचा भाता चालावा तसा श्वास सुरू केला. हुप्प-फुस्स, हुप्प-फुस्स! मिशा उडायला लागल्या. खिडकीचा पडदा हलला असं पेंटर आजही सांगतो.

आकडा चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर. एकाहत्तर.

मामानं जोर वाढवला. हुप्प-फुस्स!

अडुसष्ट.

"अगं, यंत्र उलटं चालतंय!" मामा धापा टाकत म्हणाला. "डोकं हलकं लागतंय माझं."

यंत्र सुलटच चाललं होतं. माणूस असा धपाधपा श्वास टाकायला लागला की छातीत हवा खेळते खूप, पण मेंदूकडं जाणाऱ्या रक्ताच्या वाटा आकसतात, आणि मेंदूला मिळतं उलट कमी. कपाळताईला हे नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ. पण तिनं ते सांगितलंच नाही. तिचं लक्ष बाबांकडं होतं. बाबा एक चप्पल पायात, एक हातात, असे येऊन पडद्यासमोर उभे राहिले होते.

"घसरला!" बाबा म्हणाले. "चौऱ्याहत्तरवाला घसरला! कुठं गेला फर्स्ट क्लास?"

इथं पोरीच्या डोक्यात उजेड पडला. "बाबा," ती म्हणाली, "तेच तर सांगत होते. किती आला त्याला आमच्याकडं किंमत नाही. आपण सुरुवातीला जिथं होतो तिथं शेवटपर्यंत टिकायचं, हा खेळ आहे. मामांना बसल्या खुर्चीत टिकवता आला नाही."

"मी घसरलो नाही, मी प्रयोग करत होतो," मामा म्हणाला.

"तू घसरलास," आई म्हणाली. सख्खी बहीण असून म्हणाली.

"उद्या डोकं उघडतील," कपाळताई म्हणाली, "आणि तुमचा बासष्ट चार-पाच तास टिकला पाहिजे. जमेल का?"

बाबांनी मेहुण्याकडं पाहिलं. तो खुर्चीत पाय पसरून वारा घेत होता. बाबा खाटेवर बसले. शर्टाची बटणं पुन्हा डाव्या हातानं उघडायला लागले. "न जमायला काय झालं? पण माझा आकडा तूच बघायचा. हा अठ्ठावन्नवाला मध्येच काहीतरी वाचून मोकळा व्हायचा."

आता ही अट अवघड होती. आपल्या घरचा माणूस टेबलावर असताना आत उभं राहायचं नाही, असा तिथला दंडक. भूल देणाऱ्या मॅडम त्याबाबतीत फार कडक. पण एव्हाना वॉर्डातली हकिगत जिन्यानं चढत वरच्या मजल्यापर्यंत पोचली होती, आणि मॅडमनी ती डोळे पुसत पुसत दोनदा ऐकून घेतली होती. म्हणाल्या, "ये आत. एरवी तरी तू कुठं कुणाच्या तोंडाकडं बघतेस? पण डोळ्यांतून पाणी आलं तर बाहेर. मला आकडा वाचणारी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बाबा भूल चढेपर्यंत बजावत होते, "बासष्ट, बरं का. लक्ष ठेव." मग बोलता बोलता थांबले. डॉक्टरांनी डोकं पक्कं बसवलं, हिरव्या कापडांनी सगळं झाकलं. उरलं काय, तर पडद्यावरचा आकडा. आणि खरंच सांगायचं तर त्या दिवशी कपाळताईला पहिल्यांदाच कळलं की आपण इतकी वर्षं कशाकडं बघत होतो. बाप झाकलेला, चेहरा दिसत नाही, आवाज नाही. आहे तो एवढा आकडा. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की आकड्यालाही संकोच वाटावा.

बराच वेळ बासष्ट बासष्टच राहिला. कधी एकसष्ट, कधी त्रेसष्ट. डॉक्टर गाठीच्या तळाशी पोचले. जागा अरुंद होती. त्यांनी सांगितलं, "मॅडम, मेंदू जरा सैल पाहिजे." मॅडमनी श्वास देणाऱ्या यंत्राचा वेग वाढवला, त्यानं मेंदू थोडा आकसतो आणि हाताला जागा मिळते. हे नेहमीचंच. डॉक्टर काम करत राहिले.

साठ. अठ्ठावन्न.

"अठ्ठावन्न," ताई मोठ्यानं म्हणाली. डॉक्टर मान न उचलता पुटपुटले, "आला माझ्या वर्गात."

छप्पन्न. चौपन्न. आता ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शानं खाली गेला की धोक्याची रेघ, आणि रेघ समोर दिसायला लागली होती. त्रेपन्न. ताईच्या जिभेवर शब्द आला तो एवढाच, "मॅडम, मामा! मामा होतोय!"

एखाद्या परक्या ठिकाणी तिला हात धरून बाहेर काढलं असतं. पण त्या खोलीत मामा म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमची बोटं तोवर यंत्राकडं पोचलीही होती. "दिसतंय मला, कमी करते. डॉक्टर, थोडं थांबा." डॉक्टरांनी हत्यार उचललं, हात वर धरले. यंत्राचा श्वास संथ झाला. खोलीत सगळ्यांच्या माना एका पडद्याकडं.

त्रेपन्न. त्रेपन्न. आकडा जागचा हलेना.

चौपन्न. सत्तावन्न. साठ.

"एकसष्ट," ती म्हणाली, आणि तिच्या मास्कच्या कडेला पाणी ओघळलं. मॅडम तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "डोळ्यांतलं नाही ना ते? मास्क घसरला असेल. नीट कर." आणि डॉक्टर पुन्हा वाकले. उरलेली गाठ त्यांनी धीरानं, जरा जास्त वेळ घेऊन, पण मुळासकट काढली.

बाहेर मामा सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. वाटेत भेटेल त्या माणसाला विचारत होता, "किती आहे? टिकलाय का?" त्याला कुणी ओळखतही नव्हतं. ताई बाहेर आली आणि "टिकला" एवढंच म्हणाली, तेव्हा हा तीस वर्षांचा वैरी भिंतीला टेकला आणि हमसाहमशी रडायला लागला. आई म्हणाली, "हळू रड रे, पुन्हा डोकं हलकं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना चांगली जाग आली. डोक्याला भलंथोरलं बँडेज, ओठ सुकलेले, डोळे अजून गुंगीचे. कपाळताई उजव्या अंगाला स्टुलावर बसली होती. बाबांचा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला होता. मोठे डॉक्टर दारात उभे होते, पण पुढं आले नाहीत. त्यांनी तिला नुसती खूण केली, बघ, बोटं हलवतात का.

ती विचारणार, तेवढ्यात बाबांनीच डोळे किलकिले केले. हात कसा आहे, डोकं कसं आहे, काही नाही. लेकीला जवळ ओढलं आणि अगदी गुपचूप विचारलं, "काय गं, मेहुण्याला हरवलं का मी?"

कपाळताईनं आधी हातांकडं पाहिलं, मग दारातल्या डॉक्टरांकडं, मग बापाकडं. आणि म्हणाली, "निकाल मागाहून सांगते बाबा, पण आधी माझा हात सोडा, बोटं मोडताय तुम्ही माझी!"